कथलाची कुरकुर

तूर्त मुक्काम नाशिक, भद्रकाली
ता. ११ ऑक्टोबर १९३६

प्रिय अमिनाआपा हिस,

इनायतचा सलाम. मी खुशाल आहे, तुम्हीही सगळे असाल. दुल्हेभाईंनाही सलाम, आणि एक विनंती. पत्र वाचून दाखवताना त्यांनी शिवणयंत्र थांबवावं आणि आवाज जरा बेतानं ठेवावा. मागच्या वेळी माझ्या पडशाची बातमी चांदवडच्या निम्म्या बाजाराला कळली. परवा पंचवटीत एक कांदेवाला भेटला, तर "काय इनायत, नाक थांबलं का वाहायचं?" म्हणून विचारतो. मी त्याला ओळखतही नाही!

तू विचारलंस, सध्या कुठं आहेस. आपा, हसू नकोस, मी कल्हईवाल्याकडे आहे. तंबूतला सिनेमा झाला, मनमाडची इंजिनांची शेड झाली, नांदगावचा छापखाना झाला, आता हे. खरं तर मी तांबट आळीत ठोकठोक ऐकत उभा होतो. आळी संपते तिथं कोपऱ्यावर एक म्हातारा तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकत होता. पांढरा धूर उठला, मला शिंका आल्या, आणि तो म्हणाला, "फुकटचा तमाशा बघतोस? भाता ओढ!" मी ओढला. अजून ओढतोच आहे.

त्यांचं नाव इसाकचाचा. हात थांबत नाहीत आणि तोंडही नाही. भाता ओढता ओढता मला कोडी घालतात. परवाचं ऐक. एक धातू आहे, तांब्याशी त्याचा निकाह लागला की दोघं मिळून सोन्याचा आव आणतात. एकटा जास्त तापला तर हिरवट ज्योत निघते आणि कापूस उडावा तसा धूर होतो. राजपुतान्यात फार पूर्वी त्याची वाफ मडक्यांत धरून ती थंड करायचे, कारण भट्टीत तो हाती लागायच्या आत पळून जायचा. हल्ली तो हातबत्तीच्या सेलचा अंगरखा झालाय. ओळख पाहू? जस्त! मी चौथ्या फटक्यात ओळखलं. सेल फोडून बघायची माझी जुनी सवय तुला माहीत आहे, दुल्हेभाईंची बत्ती मीच फोडली होती.

मग मीही एक घातलं. तू डोळ्यांत घालतेस आणि छापखान्यातला खिळाही त्याच्यावाचून कडक होत नाही, असं काय? चाचा अडले. सुरम्याचा धातू! आमचा खिळे जुळवणारा सावळीराम सांगायचा, नुसत्या शिशाचा खिळा दाबला की बसतो, हा मिसळला की ताठ उभा राहतो. सावळीराम फार मजेशीर माणूस होता, पण शिशापायी त्याचं पोट सारखं दुखायचं. हात धुतल्याशिवाय भाकरीला शिवू द्यायचा नाही कुणाला.

हं, शिशावरून आठवलं. आमच्याकडे दोन डबे आहेत, आणि ते कधी एकत्र होता कामा नयेत. एकात शुद्ध कथील, ते भांड्याच्या आतून लावायचं, म्हणजे चिंचेची आमटी कळकत नाही. दुसऱ्यात शिसं घातलेलं कथील. यात्रेकरू गंगेचं पाणी तांब्याच्या गडूत भरून नेतात ना, त्या गडूंची तोंडं त्यानं बंद करायची. तिथं शिसं चालतं. पातेल्यात चालत नाही, पोटात जातं. दोन्ही दिसायला सारखी, पांढरी, मऊ. ओळखायचं कसं? कथलाची कांब कानाशी धरून वाकवायची. शुद्ध असेल तर ती आतून कुरकुरते, कोवळी काकडी मोडल्यासारखी. शिसं मिसळलेली गप्प राहते. चाचा प्रत्येक कांब अशी कानाशी नेतात, मान डोलवतात आणि पडद्यामागे देतात. मग पडद्यामागूनही तसाच कुर्र आवाज येतो. आधी मला वाटलं उंदीर आहे.

पडद्यामागे चाचांची मुलगी असते. आवाज मात्र मोकळा आहे. असो. हवा चांगली आहे, पेरू स्वस्त आहेत.

चाचांनी मला नाव ठेवलंय, पारा. "हातात घ्यावा तर घरंगळतो, सांडला की सतरा ठिकाणी." तूही हेच म्हणायचीस.

मालेगावला मामूंच्या मागावर बसायचं, त्याबद्दल पुढच्या वेळी लिहितो. जागा संपली.

तुझा,
इनायत


तूर्त मुक्काम नाशिक, भद्रकाली
ता. २२ नोव्हेंबर १९३६

प्रिय अमिनाआपा हिस,

सलाम. रोजे चालू आहेत. भट्टीसमोर बसून तहान लागते, पण चाचांना लागत नाही म्हणून मलाही लागत नाही असं मी दाखवतो.

तुमचं पत्र मिळालं. दुल्हेभाईंनी लिहिलंय, कोडी पुरे, ईदेला घरी ये, मामूंना शब्द दिलाय, माग तयार आहे आणि त्यांच्या शेजारचं एक स्थळही आहे. बरं. पण खाली तू लिहायला सांगितलेली एकच ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. "मुलगी पडद्यात असते, तर आवाज मोकळा आहे हे तुला कोणी सांगितलं?"

आपा, तू वकील व्हायला हवी होतीस.

तिचं नाव नसीम आहे. बस, एवढंच. आता मुख्य गोष्ट लिहितो, ती वेगळीच आहे. म्हणजे फार वेगळी नाही.

दिवाळीच्या आधी कामाचा ढीग होता, आणि नेमकी नसीम आपल्या खालाच्या बाळंतपणासाठी नांदगावला गेली होती. तेव्हा एक फेरीवाला कथलाच्या कांबी घेऊन आला. चाचांनी एक उचलली, कानाशी वाकवली, मान डोलवली, घेतल्या. त्या कथलानं आम्ही खंडेराव आचाऱ्याचे हंडे कल्हई केले. मोठाले हंडे आहेत, तुळशीचं लग्न झालं की त्याचा हंगाम सुरू होतो, एकेका पंगतीला अख्खं गाव जेवतं. हंडे असे चमकत होते की मी त्यात बघून भांग पाडला.

काल मी उरलेल्या कांबीनं भिंतीवर उगाच घोडा काढत बसलो होतो. तू मारायचीस मला भिंती खराब करतो म्हणून, आठवतं? पाठीपर्यंत घोडा झाला आणि माझा हात थांबला. आपा, रेघ काळी उठत होती. कथील भिंतीवर अशी रेघ ओढत नाही. शिसं ओढतं. छापखान्यात आम्ही खिळ्यांनी अशाच रेघा ओढायचो. मी कांब कानाशी वाकवली. गप्प.

मग सगळं एकदम कळलं. पडद्यामागची ती कुरकुर उंदराची नव्हती आणि खेळही नव्हता.

नसीम परवाच परत आली होती. चाचा नमाजाला गेल्यावर मी पडद्याशी जाऊन म्हणालो, "चाचांना ऐकू येत नाही ना?"

बांगड्या वाजल्या, मग थांबल्या. "मोठ्यानं बोललं की येतं," ती म्हणाली. "कथील मोठ्यानं बोलत नाही."

"मग रोज तुम्हीच..."

"वाईट कांब मी गडूंच्या डब्यात टाकते. अब्बांना ठाऊक आहे त्यांचे कान गेले. मला ठाऊक आहे हे मात्र त्यांना ठाऊक नाही. तेवढं राहू दे ना."

मी हंड्यांचं सांगितलं. पडद्यामागे ती पुटपुटत वार मोजू लागली. मग म्हणाली, "खंडेरावदादा गुरुवारी न्यायला येतील."

गुपचूप पुन्हा कल्हई करता आली असती तर केलीच असती. पण हंडे केवढे, भट्टी केवढी, आणि चाचा तिथून हलत नाहीत. सांगावंच लागेल. न सांगितलं तर लोकांच्या पोटात सावळीरामचं दुखणं जाईल. सांगितलं तर म्हाताऱ्याला भर दुकानात सांगायचं की ज्या कानावर तू जन्म काढलास तो गेला. ते मला हाकलतील. मग मी आपोआप मालेगावला जाईन आणि दुल्हेभाई खूश होतील.

पण मला जायचं नाही. हे लिहिलं बघ. दुल्हेभाई, ही ओळ हळू वाचा.

मी चाचांना विचारणार होतो, की मला कायमचा ठेवा. आणि मग पुढचंही कुणाला तरी विचारायला लावणार होतो. मनात हिशेब असा होता की त्यांना कान हवेत, माझ्याकडे दोन आहेत, माझ्यावाचून त्यांचं चालायचं नाही. आता तेच कान घेऊन त्यांना बहिरा म्हणायला जायचं आहे. दुआ कर.

इनायत


मुक्काम नाशिक, भद्रकाली
ता. ४ डिसेंबर १९३६

प्रिय अमिनाआपा हिस,

सलाम. हे पत्र दुल्हेभाईंनी पाहिजे तेवढ्या मोठ्यानं वाचावं. यंत्र चालू असलं तरी चालेल.

मी हळूच सांगायचं ठरवलं होतं. पण ज्याला ऐकू येत नाही त्याला हळूच कसं सांगणार? मी कानाशी जाऊन म्हणालो, "चाचा, हंड्यांत शिसं आहे." ते म्हणाले, "काय? नीट बोल की, जिभेनंही रोजा धरलाय काय तुझ्या?" मी जरा मोठ्यानं म्हणालो. "काय?" शेवटी मी ओरडलो, "हंड्यांत शिसं आहे!" तांबट आळीतली ठोकठोक थांबली, आपा. एवढी शांतता त्या आळीत कुणी ऐकली नसेल. आणि खंडेराव आचारी तेवढ्यात हंडे न्यायला येऊन दारात उभा.

"शिसं? माझ्या हंड्यात? लगीन हाय रं उद्या!"

चाचांचा चेहरा लाल झाला. "इसाकच्या कल्हईत शिसं? कोण म्हणतो?"

मी दोन कांबी उचलल्या. भिंतीवर एक रेघ दिवाळीच्या कांबीनं ओढली, तिच्याशेजारी जुन्या डब्यातल्या कथलानं ओढली. एक काळी उठली, दुसरी दिसेना. घोडाही तिथंच होता, अर्धा. चाचांनी काळ्या रेघेची कांब उचलली, कानाशी वाकवली. मग चांगली वाकवली. मग पुन्हा काळी. मान डोलवली नाही. दोन्ही खाली ठेवल्या आणि पडद्याकडे न बघता विचारलं, "नसीम, तुला माहीत होतं?"

ती काय म्हणाली ते त्यांना ऐकू गेलं नाही. मला गेलं, पण ते मी लिहीत नाही.

मला तर कुठं तोंड लपवावं ते कळेना, आणि अशा वेळी माझं मन जातं भलतीकडेच. मनमाडच्या शेडमध्ये एक म्हातारा फिटर होता, जवळजवळ बहिरा. तो लोखंडी कांब दातात धरायचा, तिचं दुसरं टोक इंजिनाला टेकवायचा, आणि आतली खडखड कुठं आहे ते बरोबर सांगायचा. आम्ही त्याला हसायचो. तो म्हणायचा, कान दाराशी असतो रे, घर आत आहे.

मी चांगली कांब चाचांच्या हातात दिली. "दातात धरा, चाचा. मग वाकवा."

"म्हाताऱ्याला आता कथील चारतो का रं?" खंडेराव म्हणाला.

"रोजा आहे," चाचा म्हणाले.

"गिळायचं नाय वो चाचा, नुसतं धरायचं!" हे पुन्हा खंडेरावच.

चाचांनी कांब धुतली, पुसली, दातात धरली आणि वाकवली.

आपा, मी सिनेमाच्या तंबूत पुष्कळ चेहरे पाहिलेत, पडद्यावरचेही आणि पडद्यासमोरचेही. असा पाहिला नाही. चाचा तसेच बसून राहिले, कांब दातात, डोळे मिटलेले. मग ती काढून म्हणाले, "बोललं." पुन्हा धरली, पुन्हा वाकवली. "बोलतंय की साल्लं! सगळं बोलतंय!" मग दुसरी धरली. "ही मुकी." आणि लगेच थू थू करून चूळ भरली. त्यानंतर दुकानातली एकही कांब त्यांनी सोडली नाही. खंडेराव म्हणाला, "चाचा, माझे हंडे तेवढे चावू नका, लय मोठे हायेत."

आळीतल्या चार तांबटांनी आपणहून भाते आणले. हंडे तापवले, जुनी कल्हई पुसून काढली, शुद्ध कथलानं पुन्हा केली, लग्न पार पडलं. खंडेरावानं शिरा धाडलाय. इफ्तारला तोच खाल्ला. दिवाळीच्या उरलेल्या कांबी गडूंच्या डब्यात गेल्या.

पण घास घेताना माझ्या लक्षात आलं, की मी माझ्याच पायावर धोंडा मारून घेतलाय. आता त्यांना माझे कान नकोत, नसीमचेही नकोत. दात मजबूत आहेत, अजून वीस वर्षं जातील. मी म्हणालो, मोठ्यानं, "चाचा, मग मी निघू का? मालेगावला माग आहे."

चाचांनी शिऱ्याचं बोट चाटलं. "कान म्हणून ठेवला असता तर पगार द्यावा लागला असता. आता कान नकोत. आता तू काय म्हणून राहणार?"

मी ताटातला शिरा नुसता इकडून तिकडे केला.

"पाऱ्याला कुणी घरात घेत नाही," ते म्हणाले, "सांडतो."

तेव्हा पडद्यामागून आवाज आला, चांगला मोकळा, चाचांना ऐकू जाईल एवढा. "अब्बा, तुम्ही तरुणपणी आरसे करायचात ना? काचेमागं काय लावायचात?"

चाचा पडद्याकडे वळले. मग हसायला लागले. आरशांचं त्यांनी मला मागेच सांगितलं होतं, पण मी तेव्हा त्यांच्या कोड्यांतच अडकलो होतो. जुना आरसा असा होतो. कथलाचा पातळ पत्रा पसरायचा, त्यावर पारा ओतायचा, वर काच ठेवायची. सगळीकडून पळणारा पारा कथलावर ठरतो. इतका ठरतो की त्यात माणसाचं तोंड दिसतं.

"तुझी मोठी बहीण आहे ना चांदवडला?" चाचा म्हणाले. "तिला बोलाव. असल्या गोष्टी खुद्द मुलाशी बोलत नाहीत, घरच्या मोठ्यांशी बोलतात."

तर आपा, ये. ईद इथं कर. दुल्हेभाई, मामूंची माझ्या वतीनं माफी मागा, स्थळ चांगलं असेल, त्याला माग चालवणारा मुलगा मिळो. आणि आपा, येताना अम्मीचा तो गोल आरसा आण, ज्यात निकाहानंतर तू आणि दुल्हेभाईंनी पहिल्यांदा एकमेकांचं तोंड पाहिलंत. तो जुना आहे, मागं कथील आणि पाराच असणार. तू म्हणायचीस कडेला थोडा काळा पडलाय. चालेल. मोटारीत मांडीवर धर, सांडणार नाही.

वर मुक्कामाच्या आधी 'तूर्त' लिहायची सवय होती, ती आज सुटली. उत्तर याच पत्त्यावर पाठव, मी इथंच असेन.

तुझा भाऊ,
इनायत