उपाशी शेवाळ

१४ ऑक्टोबर
खाडीचं पाणी निवळलं! तांबूस तवंग गेला. विषारी शेवाळाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली शोधाव्या लागतात. पावसाने शेतांतलं खत वाहून आणलं तेव्हा हेच शेवाळ भस्म्या झाल्यासारखं वाढलं होतं. धाकट्या भावाला लगेच फोन केला. त्याने वाढवलेले शिंपले खाडीत दोरांवर लटकलेत; ते हेच शेवाळ खातात, विष त्यांच्यात उतरतं, म्हणून विक्री बंद. म्हणाला, "ताई, आता तरी सोडा आम्हाला." मी म्हणाले, सुटणार. कशाला बोलले कोण जाणे.

१७ ऑक्टोबर
प्रयोगशाळेत शेवाळाच्या दोन बाटल्या वाढवतेय. एकीत सगळं खतपाणी, दुसरीत फॉस्फरस जवळपास नाही. दुसरीत पेशी मोजक्याच — पण एकेका पेशीत विष कितीतरी जास्त! पुन्हा तपासलं. तेच. उपाशी ठेवलं की वाढ थांबते, विष बनणं थांबत नाही. आत साठत राहतं.
आणि खाडीतला फॉस्फरस संपलाय, नायट्रोजन भरपूर आहे. म्हणजे अख्खी खाडी त्या दुसऱ्या बाटलीसारखी झालीय.

१८ ऑक्टोबर
खाडीतली विक्री कधी खुली करायची ते ठरवणाऱ्या साहेबांना सांगितलं. "बाई, नियमात पेशींची संख्या आहे, आणि ती कमी आहे. तुमच्या बाटलीवरून खाडी बंद ठेवू?" मग शिंपल्यांचं मांस तरी तपासा, मी म्हणाले. ते बाहेर तपासायला पाठवलंय, निकाल पुढच्या आठवड्यात, असं उत्तर. तोवर थांबू या म्हटलं. "तोवर लोकांनी हवा खायची?" पालथ्या घड्यावर पाणी.

१९ ऑक्टोबर
खाडी खुली झाली.

२० ऑक्टोबर
धक्क्यावर गेले. भाऊ पेट्या भरत होता. हात जोडले त्याच्यापुढे. "शिजवलं की मरतं ना ते?" शेवाळ मरतं, विष राहतं, म्हणाले. तो भडकला. "साहेब हो म्हणतात, पाणी हो म्हणतं, तू एकटी नाही म्हणतेस. त्या दिवशी फोनवर तूच म्हणालीस, सुटणार!" मला रडूच कोसळलं. तो बघत राहिला. मग पाठ फिरवून पुन्हा पेट्या भरायला लागला.
उद्या सकाळी गाडी शहरात जाणार. किती घरांत शिजणार ते शिंपले? मी काय करू? कोणाच्या पाया पडू? काही सुचत नाही.

२१ ऑक्टोबर
पहाटे भावजयीचा फोन. त्याने काल रात्री उशिरा एकट्याने ताटभर शिंपले खाल्ले, पोरांना हात लावू दिला नाही. ओठ बधिर झाले, मग हात. आता श्वास घेता येत नाहीये, दवाखान्यात नेताहेत. जीभ जड व्हायच्या आधी ड्रायव्हरला म्हणाला, "गाडी रिकामी कर. ताई खरं बोलते."