घुमटाखालचा आवाज

४ मार्च
तारांगणात नवे संचालक रुजू. आजवरच्या संचालकांत सगळ्यात तरुण. दुपारचा शो शेवटच्या रांगेत बसून ऐकला आणि म्हणाले, अर्धं प्रेक्षागृह झोपलं होतं. मी म्हटलं, साहेब, माझ्या निवेदनात लोकांना झोप येते ती विश्वासाने. परक्या माणसासमोर कोणी घोरत नाही. त्यांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. पटलं असावं.

९ मार्च, सकाळी
संकल्प: शोमध्ये मुलांवर ओरडायचं नाही.

९ मार्च, संध्याकाळी
मी कृष्णविवराचं सांगत असताना एका कार्ट्याने विचारलं, उल्का आणि अशनी यांत फरक काय? प्रश्न चांगला होता. पण मध्येच? दिवे लावून त्याला उभं केलं. त्याच्या बाई माझ्यावरच चिडल्या. शिक्षणाचा पार बट्ट्याबोळ झालाय. संकल्प उद्यापासून.

१६ मार्च
तिकीट खिडकीवाली हळूच म्हणाली, समोर बसून निवेदन करणं बंद होणार, रेकॉर्ड केलेले शो येणार. मला हसू आलं. शहरातली निम्मी पोरं माझ्या तोंडून ग्रह-तारे शिकली. सूर्य काढून सूर्यमाला चालवून दाखवा म्हणावं!

२१ मार्च
माझ्याशिवाय यांचं पान हलत नाही, हे आज सिद्ध झालं. साहेबांनी स्वतः बोलावून सांगितलं, तुमचा आवाज आम्हाला कायमचा जपून ठेवायचाय. घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, आवाज तिथे ठेवल्यावर तुम्ही काय करणार? हिला कशाचं कौतुक म्हणून नाही.

२८ मार्च
रेकॉर्डिंग. काचेची बंद खोली, पंखासुद्धा नाही. नुसते शब्द वाचायचे. ग्रह, उपग्रह, लघुग्रह, धूमकेतू, तेजोमेघ, आकाशगंगा. प्रत्येक शब्द एकदा साधा, एकदा आश्चर्याने, एकदा आनंदाने. 'शनी' आनंदाने म्हणणं काही जमेना. रेकॉर्डिंगवाल्याने समजावलं, आता कॉम्प्युटर तुमचा आवाज शिकेल, मग आम्ही काहीही टाइप केलं की तो तुमच्या आवाजात बोलेल. म्हणजे मी गुरू आणि तो शिष्य. यापुढे मला बहुतेक देखरेखीचंच काम. केबिन मागून घ्यावी का?

१२ एप्रिल
साहेबांनी पुष्पगुच्छ दिला. म्हणाले, पुढच्या महिन्यापासून यायची गरज नाही, थोडी विश्रांती घ्या. माणूस वाईट नाही, अननुभवी आहे. यंत्र पहिल्याच ग्रहणाला अडखळेल आणि मग गाडी पाठवतील मला न्यायला. तोवर हिला सांगून उगाच जिवाला घोर कशाला?

६ मे
रोजच्या वेळी डबा घेऊन निघतो आणि बागेत बसतो. माळी नेमका माझ्याच बाकाखाली पाणी सोडतो. फोन पूर्ण चार्ज केलेला असतो. अजून बोलावणं आलं नाही. बोलवायची लाज वाटत असणार. मीही आपणहून जाणार नाही. स्वाभिमान म्हणून काही आहे की नाही?

१९ मे
तारांगणापाशी सहज गेलो. रांग फाटकापर्यंत. तिकीट खिडकीवालीने मला बघून मान खाली घातली. शो सुटला तसे लोक बोलत, हसत बाहेर आले. एकजण जांभई देईल तर शपथ. मला फार वाईट वाटलं. घरी जायची वेळ झाली नव्हती, म्हणून पुन्हा बागेत गेलो.

२६ मे
आज ही मला न सांगता मेहुणीला घेऊन शो बघून आली. आल्या आल्या पर्स खांद्यावर तशीच, आणि बोलायला लागली. म्हणाली, इतक्या वर्षांत तुम्ही इतकं छान कधी बोलला नव्हतात. कुठे घाई नाही, टोमणा नाही, उगाच शहाणपण नाही. लग्न ठरलं तेव्हा असेच बोलायचात. ऐकताना मला रडू आलं हो. बाहेर बराच वेळ थांबलो आम्ही, कुठे होतात?

म्हटलं, कामात होतो.

हिने चहा केला. माझ्याजवळ येऊन बसली. असं बसून किती वर्षं झाली, आठवत नाही. म्हणाली, घरी पण बोला की कधी तसं.

मी कप खाली ठेवला. सावकाश, जमेल तितक्या मऊ आवाजात म्हटलं, चहा छान झालाय.

ही माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, नाही, असं नाही.