सातव्या पानावरची चूक

लातूर
१४ मे २०२५

ती. नागसेन दादास,
धम्मप्रियाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

बुद्ध पौर्णिमेला बिलोलीला येते म्हणाले आणि आले नाही, म्हणून रूपालीवहिनी फुगून बसली असेल. फोनवर मी रडायला लागते आणि तू बरं बरं म्हणत ठेवून देतोस, म्हणून हे कागदावर.

दादा, मी वैतागलेय. अकरा वर्षं या कंपनीच्या प्रत्येक अवजाराची माहितीपुस्तिका मी लिहिली. पेरणी यंत्र असो की फवारणी पंप, कोणता नट कधी आवळायचा हे शेतकऱ्याला कळेल अशा मराठीत सांगणं हेच माझं काम. आता साहेबांनी एआय आणलंय. माझ्या सगळ्या जुन्या पुस्तिका त्याला खाऊ घातल्या, आणि ते चहा निवायच्या आत नवी पुस्तिका काढून देतं. मी नुसती वाचायची आणि 'तपासले' म्हणून सही ठोकायची. तेही जूनपर्यंतच. मग तपासायलाही कुणी नको, असं साहेब हसत हसत म्हणाले. त्या हसण्याचीच चीड येते रे!

पण सापडली चूक! बैलांमागच्या पेरणी यंत्राच्या नव्या पुस्तिकेत, सातव्या पानावर, एआय लिहितं की हँडल उजवीकडे ओढलं की बी खोल पडतं. मी भर उन्हात यंत्रामागे उभी राहून ओढून पाहिलं. साफ उलटं आहे. असं वाचून कुणी पेरलं तर सोयाबीन ढेकळाखालीच कुजेल. ही यंत्रं तूच विकतोस, तूच दुरुस्त करतोस. दुकानाचा शिक्का मारून चार ओळी पाठव, की असलं पुस्तक गिऱ्हाइकाच्या हाती देता येणार नाही. सोमवारी, २६ तारखेला, साहेबांच्या टेबलावर आपटते. माझी नोकरी वाचली तर त्यावरच वाचेल.

वहिनीचा राग तू काढ, आणि दोघांचा लोभ माझ्या वाट्याला आहे तेवढा राहू द्या.

तुझी,
धम्मा


बिलोली
२० मे २०२५

चि. धम्मास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

वहिनी फुगलीच हाय, पण तुझ्यासाठी कुरडया बाजूला काढून ठेवून राहिली, म्हंजे राग वरवरचाच. शिक्क्याचं पत्र मी दोनदा लिहिलं अन् दोनदा फाडलं. आता खरं लिहून राहिलो. रागावशील, तर रागाव.

ती चूक एआयची न्हाई. तुझी हाय. तुझं पहिलं पुस्तक काढून बघ. सातवंच पान, हांडल तेच, वाक्य तेच. तवा तू यंत्राच्या तोंडापुढं उभी राहून लिहिलं असशील. शेतकरी मागून चालतो, त्याचं डावं-उजवं उलटं. एआयनं तुझंच उचललं.

मंग एवढी वर्षं कुणी तक्रार कशी केली न्हाई, असं विचारशील. यंत्र दुकानातून जाऊ देण्याआधी मी हांडलाच्या डाव्या अंगाला लाल रंगाचा ठिपका मारतो अन् सांगतो, ठिपक्याकडं ओढलं की खोल, सातवं पान बघूच नका. देगलूरचा सुदर्शन मेकॅनिक हेच करतो, उदगीरचे दुकानदारबी. लोकांना वाटतं ठिपका कंपनीचाच हाय.

तुला का न्हाई सांगितलं? पुस्तकाच्या मागं 'लेखन : धम्मप्रिया सोनकांबळे' असं छापून आलं, तवा बापूंनी ते विहारात नेऊन एकेकाच्या हातात दिलं होतं. आपल्या घरातलं पहिलं छापलेलं नाव. त्या बापापुढं मी कोणत्या तोंडानं म्हणू की पान चुकलंय? बापू गेल्यावर तरी सांगायला पाहिजे होतं. तवा वाटलं, आता लई उशीर झाला. चुकलंच माझं.

पण खोटी साक्ष माझ्याच्यानं होत न्हाई. लोभ आटू देऊ नको, एवढंच मागतो.

तुझा दादा,
नागसेन


लातूर
२९ मे २०२५

ती. दादास,
जयभीम.

तुझं पत्र वाचून पहिलं पुस्तक काढून पाहिलं. वाक्य तेच. माझी चूक मला सोडून देगलूरपासून उदगीरपर्यंत सगळ्यांना माहीत! अरे, एक फोन करायचास. तक्रार येत नाही म्हणजे मी फार छान लिहिते, अशा तोऱ्यात मी फिरत होते, आणि तुम्ही रंगाचा डबा घेऊन माझी अब्रू झाकत होतात. तुझा संताप येतो, आणि माझी लाज वाटते. एआयची चूक काढायला मी उन्हात उभी राहिले. स्वतःचं पान तपासायला कधी गेले नाही.

सोमवारी साहेबांना खरं ते सांगून टाकलं. आणि म्हटलं की यापुढे प्रत्येक पुस्तिका आधी तीन मेकॅनिकना वाचून दाखवायची, त्यांच्या हातून यंत्र चालवून घ्यायचं, तरच मी सही करेन. तुम्ही लोक गिऱ्हाइकाला तोंडी जे सांगता ते कुठेच लिहिलेलं नाही, मग एआय ते वाचणार कुठून? साहेब म्हणाले, तेवढा वेळ नाही. माझ्यासमोर एआयकडून सातवं पान दुरुस्त करून घेतलं आणि शांतपणे म्हणाले की सहीशिवायही पुस्तिका छापता येते. मी सही केली नाही. जूनची वाटही पाहायची नाही म्हणे. परवा, शनिवारी, माझा शेवटचा दिवस.

बापू असते तर काय म्हणाले असते, हे मला लिहू नकोस. माझा राग उतरेपर्यंत तुझ्या बाजूचा लोभ सांभाळून ठेव.

धम्मा


बिलोली
१८ जून २०२५

चि. धम्मास,
आशीर्वाद व जयभीम.

नव्या पुस्तकांचा गठ्ठा आला. सातवं पान बरोबर हाय. पण मागं लेखनाच्या जागी कुणाचंच नाव न्हाई, जागा कोरी. खाली मदतीचा एक नंबर हाय. लावला तर तिथंबी एआयच बोलतं, अन् मलाच म्हणतं पुस्तक वाचा!

काल गुरम्मा आली, स्वतः बैलं हाकून पेरणारी बाई. बाराव्या पानात बियाण्याच्या पेटीचा जो नट ढिला करायला सांगितलाय, तो केल्यावर पेटीच खाली आली, पायली दोन पायली बी मातीत. पुस्तक माझ्यापुढं आपटून विचारून राहिली की हे कुणी लिहिलं, मला त्याच्याशीच बोलायचंय. सवयीनं मी तिला म्हणणार होतो की बारावं पान बघूच नका. पण जुनं पुस्तक काढून बघितलं. बारावं पानबी तुझंच हाय, जसंच्या तसं. पेटीचं काम एवढी वर्षं मीच दुकानात करून द्यायचो, म्हणून कुणाला कळलं न्हाई.

या खेपेला झाकलं न्हाई. दुकानातल्या सगळ्या पुस्तकांच्या मागं, त्या कोऱ्या जागेत, पेनानं लिहून राहिलो : धम्मप्रिया सोनकांबळे, अन् खाली तुझा मोबाइल नंबर. नोकरी गेली तर गेली, वाक्यं तर तुझीच हायती. पहिलं पुस्तक गुरम्माच घेऊन गेली. ती तोंडावर बोलणारी बाई हाय, रागात कानडीत सुरू होते. फोन आला की उचल.

तुझा दादा,
नागसेन