खांबामागचं धुराडं

प्रिय खारूताई,

या दोन हातांनी काय काय केलं, ते आज सकाळपासून आठवत बसलोय. खाणीच्या कडेवरच्या या चौकीचं दार. सतरा वर्षांत एकदाही अडकलं नाही. ज्यावर हे लिहितोय ते टेबल. खाली तळ्यापर्यंत जाणाऱ्या एकशे बारा पायऱ्या, एकीची उंची दुसरीपेक्षा बोटभरही कमी-जास्त नाही. पाऊस मोजायचं भांडं. भरावाच्या पोटात पाणी किती चढलं ते दाखवणारे सहा नळ, आत तरंगती बुचं. तुझा पाळणा, आणि तू मोठी झाल्यावर त्याच फळ्यांचं तुझं पुस्तकांचं कपाट. आणि मोजणीचा खांब.

आई बरी आहे. गुडघा कुरकुरतो, त्याहून जास्त ती कुरकुरते. डबा घेऊन रोज दुपारी चौकीवर येते, मी नको म्हटलं तरी. तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. पुढच्या महिन्यात घराच्या किल्ल्या मिळणार, स्वयंपाकघराच्या खिडकीला कोणता रंग देऊ, असं तू विचारलंस. बाप रंगावर एवढा विचार करतोय की काय, असं जावईबापू म्हणाले असतील. माझ्याच्यानं उत्तर लिहवत नव्हतं, एवढंच.

तुला आठवतं का, लहानपणी तू या खड्ड्याला ‘उलटा डोंगर’ म्हणायचीस? तेव्हा तळाशी यंत्रं मुंग्यांएवढी दिसायची. मग खाण बंद झाली, खणून काढलेलं सगळं दगडमातीचं ओझं परत आत लोटलं, तोच हा भराव, उताराला टप्पे पाडले, वर चांगली माती पसरून गवत लावलं. आता लोक फिरायला येतात आणि तळ्याचं कौतुक करतात. वरच्या टप्प्यावर कंपनीने चाळीस घरं बांधली. त्यातलं चौथं तुमचं. पैसे भरण्याआधी तू मला तिथे उभं करून विचारलंस, “बाबा, ही जमीन धरून राहील ना?” मी बूट आपटून म्हणालो, “तुझ्या बापाने मोजलीय.” तू पुढे एक अक्षर विचारलं नाहीस.

आता खांबाचं सांगतो. घरांच्या त्या उतारावर मी अकरा आरसे बसवलेत. खांबावर यंत्र ठेवायचं, एकेका आरशावर नेम धरायचा आणि अंतर लिहायचं. उतार सरकला तर अंतर बदलतं. सगळी भिस्त खांबावर. तो मूळ खडकात रुतलेला हवा, बाकीचं जग हललं तरी त्याने हलायचं नाही. म्हणून तो खड्डा मी कुणाला खणू दिला नाही. अडीच मीटरवर पहार खणकन वाजली. खाली काय आहे ते छिद्र पाडून बघू या, असं मोजणी खात्यातली नवी इंजिनीअर बाई म्हणाली होती. मी तिला सगळ्यांदेखत सांगितलं, “बाई, तुमच्या वयाएवढी वर्षं मी या खडकात काढलीत. मी आवाजावरून ओळखतो.” सगळे हसले. मी काँक्रीट ओतलं, आणि ओल्या काँक्रीटवर खिळ्याने तारीख कोरली.

बावीस महिने अकराही आरसे जागच्या जागी. एक मिलिमीटर इकडे नाही की तिकडे नाही. नळांतलं पाणी मात्र चढत होतं, आणि पाणी मुरलं की भराव ढिला होतो. मनात कुठेतरी खुपायचं, पण वही उघडली की फरकाच्या रकान्यात शून्यं दिसायची, आणि शून्यं फार गोड असतात.

चूक पकडली ती तुझ्या आईने. ती चौकीच्या पायरीवर बसते, नेहमी एकाच जागी, भिंतीला पाठ टेकून. चौकी भरावाच्या बाहेर, जुन्या जमिनीवर आहे. तिथून बघितलं की माझ्या खांबाआड पलीकडच्या पंपघराचं धुराडं बरोबर झाकलं जायचं. त्या दिवशी डबा सोडता सोडता म्हणाली, “अहो, तुमच्या खांबामागून धुराडं डोकवायला लागलंय.” मी म्हटलं, चष्मा बदल. ती म्हणाली, “चष्मा मागच्या महिन्यातच बदललाय. तुम्ही इथे बसा आणि बघा.” बसलो. घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी यंत्र पाठीवर घेऊन पलीकडे गेलो, न खणलेल्या, उघड्या खडकावर ठेवलं आणि उलट माझ्या खांबावरच नेम धरला. तीन दिवस, दिवसातून चार वेळा. खांब बसवताना घेतलेल्या पहिल्या मोजणीपासून तो चौसष्ट मिलिमीटर सरकला होता. अकराही आरसे त्याच्याबरोबर सरकलेले. एका होडीत बसलेल्या बारा जणांनी एकमेकांकडे बघून होडी थांबलीय म्हणावं, तसं. मग त्याच इंजिनीअर बाईला बोलावून खांबाशेजारी छिद्र पाडायला लावलं. दोन मीटर दगड लागला, आणि त्याखाली पुन्हा भुसभुशीत भराव. मी ज्याला मूळ खडक समजलो तो भरावात लोटलेला धोंडा होता, खोलीएवढा. बाई काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

थकलोय गं. यंत्रात डोळा घालून मान आखडलीय, ती शेकता येते. पण बावीस महिन्यांच्या वह्या समोर आहेत, माझ्या अक्षरातल्या, एक खाडाखोड नसलेल्या, आणि त्यातलं एकही पान खरं नाही.

काल कंपनीचे मोठे साहेब स्वतः चौकीवर आले. माझ्या टेबलावर हात फिरवून सुरेख आहे म्हणाले. मग म्हणाले, नवा खांब घालू, पहिल्या दिवसापासून नवी वही सुरू करू, जुन्याची वाच्यता कशाला? पाणी उपसायची सोयही करू हळूहळू. तुमचंही नाव राहील. त्यांचं शेवटचं वाक्य मला फार लागलं, कारण रात्रंदिवस मीही तोच विचार करत होतो.

आज सकाळी मी अहवाल लिहून दिला. त्यात लिहिलंय, वरचा टप्पा सरकतोय, चाळीसपैकी एकाही घरात कुणी राहायला जाऊ नये, खांब मी बसवला, चूक माझी. एक प्रत इंजिनीअर बाईकडे आणि एक नगरपालिकेत. तू किल्ल्या घेऊ नकोस. भरलेले पैसे परत मिळतील का, कधी, मला ठाऊक नाही. आणि साहेबांची माणसं तुला एक गोष्ट सांगतीलच, म्हणून ती आधी बापाच्या हातची वाच. मी गप्प बसलो असतो तर तुझ्या घराची उरलेली सगळी रक्कम ते माफ करणार होते. कागद तयार करून आणला होता, वर तुझं नाव होतं. मी तो घडी करून त्यांच्या हातात परत दिला. एकवीस लाख चाळीस हजार.

तुझाच,
बाबा