सासूबाईंच्या तेलाचा साबण

४ नोव्हेंबर
आज अखेर खात्याने माझी किंमत ओळखली. खाण्यापिण्याच्या प्लास्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या रसायनांवर नियम करायचे आहेत, त्या समितीचा सचिव मी. उक्ती तशी कृती! घरापासून सुरुवात. स्वयंपाकघरातला एक ओरखडलेला डबा फेकला. बायकोने, रुलाने, विचारलं, तुमच्या जेवणाच्या डब्याचं काय? म्हटलं, तो अभ्यासासाठी ठेवलाय.

७ नोव्हेंबर
सासूबाई, म्हणजे उम्म वासेफ, कुफर ज़ैता या त्यांच्या गावाहून आल्या. नव्या हंगामाचं ऑलिव्हचं तेल, पत्र्याचे दोन डबे. म्हणाल्या, "जावईबापू, एक तुमचा, एक साहेबांचा. आहे तसाच द्या हं, उगाच ओतू नका."
डबे पोचे पडलेले. असलं ध्यान घेऊन डायरेक्टरच्या दारात जायचं? बाजारातून दोन पारदर्शक कॅन आणले. दुकानदार म्हणाला, हे फिनेलचे आहेत. म्हटलं, नवेच आहेत ना? एकात साहेबांचं तेल ओतलं, रिबन बांधली. झकास दिसतं.

८ नोव्हेंबर
डायरेक्टरसाहेब, डॉ. शुकरी, दौऱ्यावर अकाबाला गेलेत. कॅन गाडीच्या डिकीत. सुरक्षित आहे. थोडी गरम होते डिकी.

१९ नोव्हेंबर
भेट पोचली. साहेब खूश. जिनिव्हाच्या दौऱ्याचा विषय निघाला.

२६ नोव्हेंबर
समितीची बैठक. साहेबांनी टेबलावर एक बाटली आपटली. म्हणे, बायकोला तेलात कसलासा वास आला, प्रयोगशाळेत दिलं, तर प्लास्टिक मऊ करणारं रसायन मर्यादेच्या कितीतरी वर! मग माझ्याकडे वळून, "कुठलं हो हे?"
मी कॅनबद्दल सांगणारच होतो. तोंडातून निघालं, कुफर ज़ैता.
खोटं काही बोललो नाही. गावचंच आहे. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली, म्हणाले, सासुरवाडीचीही भीड न ठेवणारा माणूस! रुमालाने हात पुसले. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण मी तर एक थेंबही खाल्ला नव्हता.

३० नोव्हेंबर
परिपत्रक निघालं. चौकशी होईपर्यंत कुफर ज़ैताच्या घाण्याचं तेल कुणी घेऊ नये. मसुदा माझाच. भाषा फार नेटकी झाली. उद्या साहेबांना सगळं स्पष्ट सांगतो.

३ डिसेंबर
सांगायचं राहिलं.
रुला आईशी फोनवर बोलताना रडत होती. व्यापारी गावातून रिकाम्या गाड्या घेऊन परत गेले. बायका घाण्यावर सासूबाईंना विचारतात, तुझा जावई त्याच ऑफिसात आहे ना? त्या म्हणतात, "आहे तर. तो बघेल." रुलाने विचारलं, तुम्ही बघताय ना? बघतो म्हटलं. ताट बाजूला सारलं. मात्र आमच्या पत्र्याच्या डब्यातलं तेल रोटीला लावून खाल्लं. निर्मळ. लाज वाटली, तरी दुसरी रोटी घेतली.

९ डिसेंबर
आज साहेबांच्या केबिनमध्ये गेलोच. तोंड उघडलं. ते म्हणाले, जिनिव्हाला तुमचं नाव पाठवलं. थँक यू म्हणून बाहेर आलो. वेळ योग्य नव्हती.

२२ डिसेंबर
घाण्याचे सगळे नमुने निर्दोष. परिपत्रक मागे. म्हणजे कुणाचं नुकसान झालंच नाही! रुला म्हणाली, व्यापाऱ्यांनी दुसऱ्या गावांत खरेदी उरकली, आता येतंय कोण.

२७ डिसेंबर
सासूबाई आल्या. हातात कापडी पिशवी. रुलाने विचारलं, आई, तेल? त्या म्हणाल्या, "ठेवू कुठे गं? अख्ख्या गावाने तेलाचा साबण केला."
पिशवी ठेवायला बाल्कनीत गेल्या. तिथे तो दुसरा कॅन पडला होता, नवा कोरा, रिबनच्या उरलेल्या तुकड्यासकट. त्यांनी झाकण काढलं, हुंगलं, परत लावलं. मी दारात उभा होतो. वाटलं, त्या शिव्या देतील. द्याव्यात असं फार वाटलं.
त्यांनी पिशवीतून एक वडी काढून माझ्या हातावर ठेवली. म्हणाल्या, "हात धुऊन या, जावईबापू. जेवायला बसू."
नळ सोडून बराच वेळ धूत राहिलो. बाहेर रुला हाका मारत होती.
आमच्याकडे साबण खवट तेलाचा करतात. हा पांढरा, मऊ, फेस भरपूर. इतक्या चांगल्या तेलाचा साबण कुणी करत नाही.