ह्यांचा आवाज कधी फुटला

२८ जून, शनिवार
ओमकार आज परत क्लासला गेला नाही. पोट दुखतंय म्हणे. पोटबिट काही नाही. शेजारचा सार्थक जिन्यात बोलून गेला, "काकी, सरांनी वर्गातून स्पीकरवर फोन केला ना, तर त्याच्या आवाजावरून त्यांना वाटलं तुम्हीच बोलताय. सगळा क्लास हसला."
पंधरा पूर्ण झाली. दहावीत आहे. सार्थक त्याच्याच वयाचा, त्याला मिशी फुटली, आवाज घोगरा झाला. आमचा अजून माझ्या खांद्याला लागतो. ना आवाज, ना काही. मी विचारायला गेले तर मोरीत जाऊन नळ सोडून बसला.
हे असते तर! बापाने बोलायच्या गोष्टी ह्या. दोन वर्षं होत आली ह्यांना जाऊन. मी आई, मी कुठल्या तोंडाने विचारू?

२ जुलै, बुधवार
दुकानातून हाफ डे घेतला. शेठ कुरकुरला. कुरकुरू दे. परळच्या हॉस्पिटलात ओ.ला हार्मोनच्या डॉक्टरबाईंना दाखवलं. तपासताना म्हणाला, "मम्मी, तू बाहेर थांब." थांबले. बाकड्यावर जाऊन बसले.
मग बाईंनी आत बोलावलं. म्हणाल्या, मुलांमध्ये चौदापर्यंत काहीतरी सुरुवात दिसायला हवी, ह्याची अजून झालेली नाही. घाबरू नका, पण सोडूनही देऊ नका. सकाळी रक्त द्यायचं आणि हाताचा एक्स-रे. हाडांचं वय कळतं म्हणे त्यावरून.
"रात्री काय जेवतो?"
हा मान खाली घालून, "दूध-बिस्किट."
बाई भडकल्याच. वाढत्या पोराला उपाशी ठेवता? काय सांगू त्यांना? मोठे भावजी, म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, आमच्या गोविंदा पथकाचे कोच. ओ. दोन वर्षं सगळ्यात वरच्या थराला. चौदाच्या खालचा पोरगा आता चढवता येत नाही, आणि आमचा कागदावर मोठा, वजनाला चिमणी. म्हणून सगळे खूश. रात्रीचा भात भावजींनीच बंद केलाय.
शेवटी बाईंनी विचारलं, "वडील कधी वाढले? त्यांचा आवाज कधी फुटला? पुष्कळदा घराण्यातच उशीर असतो, मग काळजी कमी. तसं नसेल तर जास्त शोधावं लागेल."
मी ह्यांना बघितलं ते दाखवायच्या कार्यक्रमात. चांगली दाढी होती. त्याच्या आधीचं मला काय ठाऊक? सासूबाई पण नाहीत आता.

१० जुलै, गुरुपौर्णिमा
आज पथकाचा सराव सुरू. नारळ फुटला. ओ. गेला. नको म्हटलं तर ऐकेना.
आल्यावर ताटात भात वाढला, तर म्हणे, "काका ओरडतील." माझं डोकंच फिरलं. तशीच उठून मोठ्या भावजींच्या खोलीवर गेले. वडीलधारे म्हणून आजपर्यंत कधी उलटून बोलले नाही. आज बोलले. "तुमच्या हंडीपायी माझं पोर खुरटलं." अख्ख्या गॅलरीने ऐकलं. जाऊबाईंनी दार लोटून घेतलं.
आणि आता त्यांनाच विचारायचंय. दुसरं आहे कोण?

१३ जुलै, रविवार
दोन दिवस काढले कसेबसे. मग तोंड धुतलं नि गेले. भावजी गच्चीत शिडीच्या दोऱ्या सोडवत बसले होते. सरळ विचारलं. डॉक्टर विचारतात, ह्यांचा आवाज कधी फुटला?
हातातली दोरी बाजूला ठेवली. मग मालवणीत आले. मनातलं बोलायचं झालं की येतात.
"दिनेशाक लय उशीर झालो गो. तो कॉलेजात गेलो तरी पोरग्यासारखो बोलायचो. तोवर वरच्या थराक तोच."
पोरं ह्यांना 'बेबी' म्हणायची, भावजींनीच सांगितलं. हे कॉलेजच्या गेटवरून परत यायचे नि राणीच्या बागेत दिवस काढायचे. म्हणून अकरावी सोडली. मला कायम सांगितलं, घरची परिस्थिती नव्हती. सतरा वर्षं संसार केला मी ह्या माणसाबरोबर!
"मग ओमकारच्या वेळी का नाही बोललात?"
"दिनेशान शपथ घातलेली. आणि माका वाटला, आमच्या घराण्याची देणगीच ती. पोरां हलकी रवतत."
पोरं हलकी राहतात, ती म्हणे देणगी! भांडायला तोंड उघडलं, तर भावजी रडत होते. साठीचा माणूस. मग मी पण रडले. भावासाठी ते, नवऱ्यासाठी मी. पोराचं राहिलंच बाजूला.

२३ जुलै, बुधवार
रिपोर्ट दाखवले. हाडं वयाच्या मागे आहेत. बाई म्हणाल्या, हे वडिलांच्या गोष्टीशी जुळतं, बहुतेक उशीरच असावा. बरं वाटलं. पण रक्तातलं एक काहीतरी कमी आलंय, ते परत करायचं. सहा महिने बघू, नाही तर थोडी इंजेक्शनं. जेवण पोटभर.
"म्हणजे नक्की काय समजायचं, डॉक्टर?"
"नक्की आत्ता नाही सांगता येणार."
ओ. बाहेर आल्यावर एवढंच बोलला, "सहा महिन्यांनी बोर्डाची परीक्षा तोंडावर असेल. तोपर्यंत असाच?"
 कोपऱ्यावर त्याला वडापाव घेऊन दिला.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
उद्या हंडी. भावजी स्वतः येऊन सांगून गेले, ओमकार, ह्या वर्षी वर नको, खाली उभा राहा. माझा जीव भांड्यात पडला. आणि हा चिडला!
"खाली मी कुणाच्या खांद्याला लागतो? वर तरी कोणी हसत नाही मला."
म्हणून मग सांगून टाकलं. बाबांचं सगळं. कॉलेज, बेबी, राणीची बाग. शपथ ह्यांनी भावजींना घातली होती, मला नाही. तो ऐकत राहिला. टी-शर्टवरचं पथकाचं नाव नखाने खरवडत.
"बाबांना पण असंच होतं?"
"हो रे बाळा."
"मग मी त्यांना विचारलं होतं ना. सातवीत. माझी उंची का नाही वाढत म्हणून. हसून गेले नुसते."
हे मला माहीतच नव्हतं.
"का नाही सांगितलं त्यांनी, मम्मी?"
मी म्हटलं, सांगणारच होते, तू मोठा होण्याची वाट बघत होते.
खोटं. मला कुठे काय सांगितलं होतं त्यांनी? पण त्याने मान डोलावली. पटलं का, कळलं नाही.