कडूकंदाचा पहिला काप

प्रिय आये,

तुला वाचता येत नव्हतं, हे ठाऊक असूनही लिहिते आहे. कालचं कुणाला तरी सांगितल्यावाचून राहवत नाही! काल वाघबारस झाली. तू गेल्यावरची पहिली दिवाळी.

तुझ्यामागे बा नुसता ओट्यावर बसून असतो. रानात जात नाही, धड जेवत नाही. फोनवर कंदाचं विचारलं तर म्हणाला, "यंदा नको. कोण करंल?" कडूकंदाशिवाय आपली दिवाळी? माझं डोकंच फिरलं. तलासरीहून बस धरली, चारोटीला जीप गाठली नि सायवनला दारात उभी राहिले.

कुंपणाजवळचा कंद मीच खणला. पुन्हा फुटावा म्हणून वेलाकडचा शेंडा खड्ड्यात परत पुरला, नाहीतर स्वप्नात येऊन ओरडली असतीस. पातळ काप केले, उकडायला घेतले, आणि कडूपणा काढायला चुलीत राखच नाही! मीच हौसेने बाला गॅस घेऊन दिलेला. मग काय, टोपली घेऊन पाडाभर राख मागत फिरले. सणाच्या तोंडावर राख मागणारी माहेरवाशीण कुणी पाहिली होती का?

आणि राख घालायची किती? विचारलं की तुझं एकच, "बघ नि शिक." अगं, चुलीपुढे माझ्याकडे पाठ करून बसायचीस, बघणार काय कप्पाळ!

अंदाजाने घातली. राखेत उकडलेले काप टोपलीत भरून ओहोळाच्या वाहत्या पाण्यात रात्रभर ठेवले, वर दगड. काल पुन्हा धुऊन मिठात शिजवले.

पहिला काप तू खायचीस. कडवटपणा राहिला तर घसा खाजतो, म्हणून रांधणारीनेच आधी चाखायचा आणि आम्ही तुझ्या तोंडाकडे बघत थांबायचं. काल मी काप उचलला, तर बाने हातातून काढून घेतला.

"थांब पोरी. मी खातो."

आये, माझा जीव टांगणीला! तो चावत राहिला.

"कडू हाय," म्हणाला. माझं तोंड उतरलं.

मग त्याने दुसरा काप घेतला. "तुझे आयेचा पहिले साली याहून कडू होता. सासू कितीक दिस बोलली नाय तिच्याशी."

आणि हसला! किती महिन्यांनी हसला गं! हे मला कधी सांगितलं नाहीस, लबाड कुठली!

ताटातले सगळे काप संपवले त्याने. हात धुताना म्हणाला, "डोंगराचे अंगाला मोठा वेल हाय. उद्या जाऊ." मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलला. सकाळी उठून बघते तर कुदळ खांद्यावर टाकून अंगणात तयार! आताही हाका मारतो आहे, म्हणून घाईत लिहिते.

तुझी आठवण येते, आये. फार येते. पण शब्द देते, त्याला मी रानात एकटा सोडणार नाही, आणि घरातही.

तुझीच,
कमळी